मदत हवी आहे: जंताचं औषध पाजूनही गाईच्या जबड्याखालची सूज परत येतेय

नमस्कार मंडळी, सात गाई आणि तीन कालवडी आहेत माझ्याकडे. त्यातली एक तिसऱ्या वेताची गाय दोन महिन्यांपासून खंगत चाललीय, चारा खाते पण अंगी लागत नाही, दूध निम्म्यावर आलं, केस राठ झाले आणि जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबावी तशी सूज. बोटानं दाबली की खड्डा पडतो. दिवसभर मान खाली घालून चरली की संध्याकाळी जास्त दिसते, सकाळी जरा उतरलेली असते. पापणी ओढून बघितली तर आतून पांढरीफटक.

मी जंत समजून अल्बेंडाझोल पाजलं, थोडे दिवस बरं वाटलं, मग परत तेच, महिन्यानं परत पाजलं तेही वजन न बघता अंदाजानं (हो, चुकलंच). शेण तपासलं तर रिपोर्टमध्ये काहीच नाही. डॉक्टर म्हणतात लिव्हर फ्लूक (लिव्हरमध्ये राहणारी चपटी कृमी) असेल. आता रिपोर्ट निगेटिव्ह असताना फ्लूक कसा काय? आणि बाकीच्यांनाही पाजून टाकू का, एक गाय महिन्याभराची गाभण आहे म्हणून हात थांबलाय. गुरं चरतात तो पट्टा बाराही महिने ओला असतो, शेळ्याही तिथंच, खुरांच्या खड्ड्यात बारीक गोगलगाई दिसतात.

— उत्तर १
गोगलगाई म्हणालात तिथंच अर्धं उत्तर आलं. फ्लूकची अंडी शेणातून पडतात, ओलाव्यात फुटतात, आतली अळी गोगलगाईत शिरते, तिथं एकाच्या शेकडो होऊन बाहेर पडतात आणि गवताला चिकटून बसतात. गाय तेच गवत खाते. शेळ्या-मेंढ्यांनाही हीच कृमी होते, म्हणजे तुमच्या शेळ्याही अंडी टाकत असणार.

रिपोर्टचं म्हणाल तर पोटात गेलेली पिल्लं आधी लिव्हर पोखरत फिरतात, मग पित्तनलिकेत जाऊन मोठी होतात, शेणात अंडी दिसायला अडीच-तीन महिने लागतात. नंतरही अंडी रोज सारखी पडत नाहीत. ती जड असतात, त्यामुळे गाळ बसवून तपासायला सांगा, तरंगवून बघायच्या नेहमीच्या पद्धतीत सुटतात.

अल्बेंडाझोल फक्त मोठ्या फ्लूकवर चालतं, आणि त्यालाही गोल जंतांपेक्षा जास्त डोस लागतो. पिल्लं वाचली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. गाभण गाईला सुरुवातीच्या दीड महिन्यात ते अजिबात देऊ नका, वासराला व्यंग येऊ शकतं.

— उत्तर २
पिल्लांसाठी ट्रायक्लाबेंडाझोल आहे, पण ते दुधात उतरतं, दुभत्या गाईला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. काही ठिकाणी फ्लूक त्यालाही दाद देईनासे झालेत, म्हणून पाजल्यावर तीनेक आठवड्यांनी शेण परत तपासा. आणि औषध देऊन त्याच ओल्या पट्ट्यात सोडणार असाल तर पैसे पाण्यात!

— धागाकर्ता
धन्यवाद दोघांनाही. पट्ट्याला आज काटे लावले, शेळ्यांचंही शेण गोळा करून देतोय. गाभणीला सध्या काही देत नाही. एक राहिलं, त्या पट्ट्यातलं गवत कापून वाळवून घातलं तर चालेल का? की पुरतं वाळलं नाही तर त्यातही जिवंत राहतात?

— उत्तर १
राहतात. कडकडीत वाळलेलं असेल तर धोका बराच कमी, अर्धवट ओलं असेल तर नकोच.