रत्नागिरीहून कांची-कुंभकोणम: देवळं आणि हातमाग, मार्ग सुचवा

भाट्याची_लाट:
नमस्कार मंडळी. बहिणीचं लग्न वैशाखात आहे आणि आईचं ठाम म्हणणं की शालू दुकानातून नको, जिथे विणतात तिथेच जाऊन घेऊया, म्हणजे कांचीपुरमची कामाक्षीपण बघून होईल. बाबांची बाग आहे, मोहोर आला की ते हलायचे नाहीत, म्हणून भातकापणी उरकली की दिवाळीनंतर लगेच निघावं असं चाललंय. हातात आठ दिवस. लिस्टमध्ये कांची, तंजावर, कुंभकोणम, मदुराई, रामेश्वर सगळंच आहे आणि आईचे गुडघे दुखतात. विणकरांच्या घरी असं जाता येतं का? आणि साडी हातमागाचीच आहे हे ओळखायचं कसं?

कातळावरचा:
ताई, दिवाळीनंतर नका जाऊ. आपला पाऊस संपतो तेव्हा तमिळनाडूचा सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर, नोव्हेंबरात तर चेन्नईकडे वादळंसुद्धा येतात. तिथले बरेच माग जमिनीत खड्डा करून बसवलेले, विणकर पाय खाली सोडून बसतो, त्यामुळे ओल आली की ताणा (मागावरचे उभे धागे) बिघडतो आणि काम बंद. मग बघणार काय? गणपती झाल्यावर जायचं तर पितृपक्ष लागतो, त्यात शालूची खरेदी आई करणार नाहीत. पोंगल झाल्यावर, जानेवारीच्या शेवटी जा. बाबांना मोहोराकडे राहू दे, तुम्ही मायलेकी निघा. मंगळूरला गाडी बदलून चेन्नई, तिथून कांची साधारण ७५ किलोमीटर. मदुराई-रामेश्वर या खेपेला काढूनच टाका, गुडघ्यांवर दया करा.

कुडाळची_वैनी:
घरी जाता येतं, लोक प्रेमाने दाखवतात, पण रिक्षावाला नेईल तिथे जाऊ नका. बऱ्याच दुकानांत दारात एक माग शोभेला ठेवतात आणि आत यंत्रमागाचा माल. विणकरांच्या सहकारी सोसायट्या आहेत, तिथे जाऊन विचारा.

दिवसाचं गणित सोपं आहे. देवळं दुपारी १२ च्या सुमारास बंद होतात ती ४ ला उघडतात, तेवढा वेळ मागांना द्या. सकाळी लवकर कैलासनाथ मात्र चुकवू नका, पल्लवांचं, आठव्या शतकाच्या सुरुवातीचं, वालुकाश्मातलं, गर्दी नाही, आईंना निवांत बसता येईल.

आता शालूचं. काठ आणि अंग वेगळ्या रंगाचं असतं ना, त्याला तिकडे कोरवै म्हणतात. तीन धोटे (आडवा धागा नेणारे) चालतात, मधल्या अंगाचा एक आणि दोन काठांचे दोन, म्हणून विणकराच्या बाजूला एक मदतनीस बसलेला असतो, धोटा टाकायला. प्रत्येक ओळीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवायचा. हे बघितल्यावर किंमत जास्त आहे असं तोंडातून निघत नाही हो. ओळखायला किनारीजवळ बारीक टाचणीची भोकं बघा, कापड ताणून धरायच्या काठीची असतात ती. आणि सिल्क मार्क म्हणजे रेशीम शुद्ध एवढंच, हातमागाची खूण हँडलूम मार्क, दुकानदार दोन्ही एकच असल्यासारखं बोलतात.

नेत्रावतीवाला:
माझं मत वेगळं. गुडघे दुखतात तर रत्नागिरीत नेत्रावती एक्सप्रेसमध्ये बसा आणि गाडी न बदलता तिरुवनंतपुरमला उतरा. पद्मनाभस्वामींचं दर्शन (पुरुषांना मुंडू म्हणजे केरळी लुंगी, वर उघडं, बायकांना साडी चालते) आणि जवळच बलरामपुरमला शालियार विणकरांचे हातमाग. वाटेत त्रिशूरला उतरलात तर गुरुवायूरचं देऊळ आणि कुथामपुल्ली हे विणकरांचं गाव. एर्नाकुलमजवळचं चेंदमंगलमही बघा, २०१८ च्या पुरात तिथल्या विणकरांचं खूप नुकसान झालं, मग त्या चिखलाने माखलेल्या कापडाच्या चेकुट्टी बाहुल्या करून विकल्या, त्यातून त्यांना मदत उभी राहिली. लोकं चिवट आहेत ती.

भाट्याची_लाट:
काका, केरळची कसवू साडी सुंदरच असते पण पांढरी नेसवून बहिणीला बोहल्यावर उभी करायला आई तयार नाही 🙂 ते वेगळ्या खेपेला. बाबांना बागेत ठेवायचं पटलं. कांचीनंतर कुंभकोणम जोडू का? आणि घासाघीस करावी का विणकराकडे?

कुडाळची_वैनी:
जोडाच, पण चेन्नईहून तंजावरच्या बाजूची रात्रीची गाडी बघा, आईंना झोपून जाता येईल. कुंभकोणमजवळच थिरुभुवनम, तिथलं रेशीम प्रसिद्ध आहे आणि चोळांचं कंपहरेश्वर मंदिर गावातच. दारासुरमचं ऐरावतेश्वरही अगदी शेजारी. तंजावरला बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरलेला भोसल्यांचा इतिहास आहे, तिथले राजे सरफोजी यांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला, तेवढ्यासाठी तरी थांबा. ऊन डोक्यावर यायच्या आत जा, आवारातली फरशी अनवाणी पायांना भाजते.

घासाघीस दुकानात खुशाल करा. विणकराच्या घरी मात्र करू नका. एका चांगल्या कोरवैला दोन माणसांचे कितीतरी दिवस जातात आणि पुष्कळजण दुसऱ्याच्या मालावर मजुरीने विणतात, किंमत त्यांच्या हातात नसतेच. जरीचं मात्र नक्की विचारा, चांदीची की नुसती मुलाम्याची, आणि तसं बिलावर लिहून घ्या.