मदत हवी आहे: घोडे बदलण्याआधीच्या स्थितीचे विश्लेषण

फोंड्यातल्या बुद्धिबळ स्पर्धेतला डाव, पांढरी मोहरी माझी. प्रत्येक चालीला घड्याळात ३० सेकंद वाढीव, त्यामुळे शेवटपर्यंत चाली लिहिलेल्या आहेत.

शेवटची स्थिती: पांढरा राजा एफ५, हत्ती एच७, प्यादे ई५, काळा राजा ई८, हत्ती ए६. ही फिलिडॉरची बरोबरी (एका प्याद्याने मागे असलेल्या बाजूचा हत्तीने केलेला प्रसिद्ध बचाव), यात वाद नाही. काळा हत्ती सहाव्या ओळीवर सरकत राहतो. प्यादे ई६ वर गेले की तो लगेच ए१ वर उतरतो आणि मागून शह देतो. पांढऱ्या राजाला आडोसाच उरत नाही.

अडचण त्याच्या आधीची. ४३व्या चालीला दोन्हीकडे घोडा आणि एकेक जादा प्यादे होते. एकूण ९ मोहरी, म्हणून सात मोहऱ्यांचा टेबलबेस (तेवढ्या मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींचे अचूक निकाल देणारा संच) इथे कामाचा नाही. स्टॉकफिश हे बुद्धिबळाचे इंजिन आधी +१.३ (पांढऱ्याला सुमारे सव्वा प्याद्याची आघाडी) दाखवते, घोड्यांच्या अदलाबदलीनंतर शून्य, म्हणजे बरोबरी. निव्वळ आकड्यावरून काही कळत नाही. चांगला हत्तीचा डावही +१ दाखवत दाखवत बरोबरीत सुटतो.

इंजिन बंद ठेवून अशी स्थिती तपासताना तुम्ही आधी काय पाहता: काळ्या हत्तीची सक्रियता, की कोणती प्यादी उरतात? घोडे ठेवून खेळायची योजना कुणी चालींसह मांडेल का? पीजीएन (डावाच्या चालींची फाइल) मागितल्यास टाकतो.