बुद्धिबळाचा डाव तपासायला एक इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) पुरे की दोन हवीत?

तापीकाठ (चोपडा)
धुळ्याच्या स्पर्धेहून परतताना पोरं गाडीतच मोबाइल काढून स्टॉकफिश या इंजिनाचा आकडा, म्हणजे कोण किती वर आहे ते, बघतात. +०.८ दिसलं की "मी जिंकत होतो" म्हणायचं, विषय संपला. माझं ठाम मत आहे, डाव स्टॉकफिश आणि लीला या दोन्ही इंजिनांकडून तपासावा. स्टॉकफिश सेकंदाला लाखो स्थिती चाळतो. लीला त्याच्या मानाने फार थोड्या बघते, पण तिचं नेटवर्क (डावांवरून शिकून स्थिती जोखणारा भाग) बरंच मोठं, पारख तिथेच होते. परवा एका मुलाचा किंग्ज इंडियन या सुरुवातीचा डाव घेतला. पांढऱ्याची प्यादी डी५-ई४, काळ्याची डी६-ई५, मधला पट बंद. पांढऱ्यासाठी स्टॉकफिश म्हणतो लगेच प्यादं सी५ ला रेटा, लीला म्हणते आधी घोडा डी३ वर आणा. आकडे जवळपास सारखेच. "आधी काय?" यावर वर्गात जी जुंपली, ती एका इंजिनावर जुंपलीच नसती.

उंट_तिरका (भुसावळ)
दादा, पटत नाही. एक तर दोघांचे आकडे एका मापाचे नाहीत. डिसेंबर २०२२ च्या स्टॉकफिश १५.१ पासून +१ म्हणजे एक प्यादं जास्त असं राहिलेलंच नाही. तोडीस तोड प्रतिस्पर्ध्याशी जिंकायची शक्यता ५० टक्के, असा त्याचा अर्थ. लीला मुळात जिंकणं, बरोबरी, हरणं यांचा अंदाज काढते, आपल्याला दिसणारा आकडा त्यावरून सूत्राने काढलेला असतो.
दुसरं जास्त महत्त्वाचं. हे दोन स्वतंत्र साक्षीदार नाहीत! २०२१ च्या स्टॉकफिश १४ चं नेटवर्क लीलाच्याच डेटावर शिकवलं होतं. दोघे एक बोलले म्हणून ते खरं धरायचं कसं? शिवाय ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर लीला रांगते. घाईत घेतलेलं तिचं मत पोरांपुढे ठेवू नका. एकट्या स्टॉकफिशला त्याच्या मते सर्वांत चांगल्या तीन चाली दाखवायला लावा आणि निवांत चालू द्या.

जामनेरची_आई
माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. "ही चाल का?" याचं उत्तर दोन्ही इंजिनं देत नाहीत हो. आमच्या घरी ती आधी वहीत लिहिते, कुठे अडले, काय भीती वाटली. इंजिन त्यानंतरच उघडायचं.

तापीकाठ (चोपडा)
ताई, वहीचं अगदी बरोबर, आमच्याकडेही सुरू करतो.
भाऊ, मी आकडे जुळवतच नाही, चाली जुळवतो. विरुद्ध रंगांचे उंट (एकाचा पांढऱ्या घरांवर, दुसऱ्याचा काळ्या), प्यादी अडकलेली, एक बाजू दोन प्यादी वर, असा बरोबरीकडे झुकणारा शेवट घ्या. लीलाकडे बरोबरीची टक्केवारी वेगळी दिसते. नुसत्या +१.५ वरून पोराला ते कळणार कसं?

उंट_तिरका (भुसावळ)
ती टक्केवारी स्टॉकफिशमध्येही चालू करता येते. आणि डेप्थ (इंजिन किती चाली पुढे बघतं) ३० ची ४० झाली, तरी आकडा जागचा हलत नसेल, तर तटबंदी, म्हणजे कमजोर बाजूचा न फुटणारा बचाव, आहे का ते तपासायचं, हे पोरांना शिकवता येतं की. राजे-प्यादी धरून सात मोहरे उरले तर सिझिजी टेबलबेस (अशा स्थितींचे अचूक निकाल साठवलेला संग्रह) बघा, तिथे मताचा प्रश्नच उरत नाही.

तापीकाठ (चोपडा)
टेबलबेस मान्य, भो. पण आमच्या पोरांचे डाव तिथवर पोचतात कुठे? पंचविसाव्या चालीच्या आसपास, पटावर अर्ध्याहून जास्त मोहरे असतानाच निकाल लागतो. तिथे मला दुसरं मत हवंच, साक्षीदार नात्यातला असला तरी.