यवतमाळचे वकील बापूजी अणे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात का गेले?

वणीचा_पोरगा:
लोकनायक बापूजी अणे आमच्या वणीचे, त्यामुळे नाव लहानपणापासून ऐकतोय. टिळकांचा माणूस, यवतमाळात वकिली, १९३० ला पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून अटक करून घेतली, १९३३ ला तर काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष, इथपर्यंत ठीक आहे. पण १९४१ ला हाच माणूस थेट व्हाइसरॉयच्या एक्झिक्युटिव्ह कौन्सिलात, म्हणजे इंग्रज सरकारच्या मंत्रिमंडळासारख्या मंडळात, जाऊन बसतो हे काही केल्या पटत नाही. कोणी नीट सांगाल का, भांडण नको प्लीज.

जुनी_पानं:
भाऊ, टिळकांपासून सुरुवात करा मग पटेल. टिळकांची प्रतियोगी सहकारिता, म्हणजे जे मिळतंय ते घ्या आणि उरलेल्यासाठी भांडत राहा, हीच बापूजींची लाइन होती. असहकार त्यांना मनापासून कधी पटला नाही, म्हणून तर जयकर, मुंजे यांच्यासोबत वेगळा पक्ष काढला आणि वऱ्हाडातून केंद्रीय असेंब्लीत, म्हणजे दिल्लीच्या कायदेमंडळात, गेले. १९३४ ला जातीय निवाड्यावर (धर्म-जातीनुसार वेगळ्या जागा देणारा इंग्रजांचा निर्णय) काँग्रेस ठाम विरोध करेना तेव्हा मालवीयांसोबत बाहेर पडले. त्यामुळे १९४१ म्हणजे काही अचानक मारलेली उडी नाही. आणि पुसदचंही बघा ना, वऱ्हाडात समुद्र नाही तर मीठ कुठून उचलणार, मग जिथे गरीब माणूस रोज अडतो तो जंगल कायदाच मोडायला घेतला, मला तर यात पक्का वकील दिसतो.

कोर्टातली:
वरचं बरोबर आहे पण पुढचं सांगितल्याशिवाय त्यांच्यावर अन्याय होतो. फेब्रुवारी १९४३, गांधीजींचं आगाखान पॅलेसमध्ये कैदेत २१ दिवसांचं उपोषण चालू आणि सरकार त्यांना सोडायला तयार नाही, तेव्हा अणे, होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार तिघांनीही कौन्सिलचा राजीनामा दिला. ज्यांच्या मार्गाशी आयुष्यभर मतभेद त्यांच्यासाठी पद सोडलं! मी स्वतः जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करते, समोरच्या बाजूचा एवढा मान ठेवणारे फार थोडे बघितलेत, म्हणून मला हा माणूस फार मोठा वाटतो.

वणीचा_पोरगा:
राजीनाम्याचं खरंच माहीत नव्हतं ताई, थँक्यू. स्वातंत्र्यानंतर काय केलं मग?

जुनी_पानं:
घटना समितीत होते, १९४८ पासून बिहारचे राज्यपाल. मग वेगळ्या विदर्भासाठी परत मैदानात, १९६२ ला ऐंशी ओलांडलेली असताना नागपुरातून अपक्ष उभे राहून लोकसभेत गेले. टिळकांवर संस्कृतात काव्य लिहिलं, त्याला १९७३ चा साहित्य अकादमी मिळाला पण ते १९६८ लाच गेले होते.

कोर्टातली:
भाषणं वाचायची असतील तर संसदेच्या डिजिटल लायब्ररीत जुन्या असेंब्लीच्या डिबेट्स आहेत, फुकट. बापूजी टाकून शोधू नका, एम. एस. अणे असं इंग्रजीत टाका.