अनुभव धागा: विगनने कप घेतला आणि तिसऱ्या दिवशी बुडालं (एफए कप २०१२-१३)

अर्धवेळ

काल जेवताना भाच्याशी जुंपली. त्याच्या मते एफए कप म्हणजे मोठ्या क्लबांनी राखीव पोरं खेळवायची जागा. मी म्हटलं, राजा, २०१२-१३ चा मोसम झाला तेव्हा तू बालवाडीत डबा सांडत होतास. मग हात वाळेपर्यंत त्याला सांगत बसलो आणि निम्म्या गोष्टी मलाच धड आठवेनात. म्हणून हा धागा.

नवख्यांसाठी थोडक्यात. इंग्लंडची ही फुटबॉलची बाद पद्धतीची स्पर्धा. त्या वर्षी ७५८ क्लब उतरले होते. ऑगस्टमध्ये गावोगावच्या छोट्या मैदानांवर सुरुवात होते, प्रीमियर लीगवाले, म्हणजे सर्वोच्च विभागातले, थेट जानेवारीत, तिसऱ्या फेरीत येतात. मानांकन वगैरे भानगड नाही. भांड्यातून नंबरचे चेंडू काढायचे, ज्याच्या नशिबी जो येईल तो. बरोबरी झाली तर दुसऱ्याच्या मैदानावर पुन्हा सामना. (पहिल्या मुख्य फेरीपासूनचे हे रिप्ले २०२४-२५ पासून बंद झाले. त्यावर वेगळा धागा काढा, इथे भांडू नका.)

११ मे २०१३ ला वेम्बलीवर विगन ॲथलेटिकने मँचेस्टर सिटीला १-० हरवलं. १४ मेला विगन प्रीमियर लीगमधून खाली, दुसऱ्या विभागात गेलं. एकाच मोसमात कपही जिंकला आणि घसरलाही, असा तो पहिलाच क्लब.

मला दोन गोष्टी हव्यात. त्या मोसमातला तुम्ही पाहिलेला, ऐकलेला किंवा हुकलेला एखादा सामना. आणि या प्रश्नाचं उत्तर: कप घेऊन खाली जायचं, की रिकाम्या हाताने वर राहायचं? नुसते स्कोअर टाकू नका, ते शोधता मलाही येतात.

कानटोपी

माझा हुकलेला. आणि हुकला तो स्टेडियमच्या आत असून.

मी तेव्हा नॉरिचला एमएससी करत होते आणि सामन्याच्या दिवशी कॅरो रोडवर, नॉरिच क्लबच्या मैदानात, चहा-पाईच्या खिडकीवर उभी राहायचे. आईला वाटायचं पोरगी फुकटात मॅच बघते. प्रत्यक्षात मला वर्षभर दिसली ती चहाची टाकी आणि पैसे पुढे करणारे हातमोजे.

२६ जानेवारी, चौथी फेरी, समोर ल्यूटन. नॉरिच प्रीमियर लीगमध्ये, ल्यूटन पाचव्या पायरीवर, म्हणजे फुटबॉल लीगच्याही बाहेर. २००८-०९ मध्ये या क्लबचे ३० गुण कापले गेले होते, तेव्हा जे खाली पडले ते तिथेच अडकलेले. आमच्या खिडकीवर सकाळपासून चर्चा एकच, किती गोलांनी जिंकायचं.

आम्ही खिडकीवाल्या पोरी आवाजावरून सामना ओळखायचो. आपला गोल झाला की डोक्यावरचं काँक्रीट हलतं, वरून धूळ पडते. समोरच्यांचा झाला की लांबून, भिंतीपलीकडे कुणाचं तरी लग्न असल्यासारखा आवाज येतो आणि आपल्या डोक्यावर चिडीचूप. शेवटची दहा मिनिटं उरली होती, मी कपांची चळत लावत होते, आणि लग्नाचा आवाज आला. स्कॉट रेंडेल, बदली म्हणून आलेला. १-० तसंच राहिलं.

तेवढ्यात एक आजोबा खिडकीशी आले. काय झालं ते त्यांना कळलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. वळून बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, चहा, दोन साखर. पैसे मोजून दिले आणि कप घेऊन थेट बाहेरच्या फाटकाकडे चालू लागले.

लीगबाहेरच्या संघाने सर्वोच्च विभागातल्या संघाला हरवणं १९८९ नंतर पहिल्यांदाच घडत होतं. तेव्हा सटनने कोव्हेंट्रीला हरवलं होतं. हे मला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं.

प्रश्नाचं उत्तर: वर राहायचं. ल्यूटनवाल्यांची अवस्था ऐकल्यावर खाली जायची हौस उरत नाही.

फुकटचा पास

मिल्टन कीन्स, २ डिसेंबर २०१२, दुसरी फेरी. कंपनीने ऑनसाइट पाठवलं होतं, ऑफिसातल्या एकाचं तिकीट उरलं म्हणून मी गेलो. मला वाटलं दोन छोटे संघ आहेत, डबा खाऊन परत येऊ. तो सामना काय आहे हे रस्त्यात कळलं.

विम्बल्डन हा लंडनचा क्लब. १९८८ ला लिव्हरपूलला हरवून हाच कप जिंकलेला. २००३ मध्ये मालकांनी तो उचलून मिल्टन कीन्सला नेला आणि पुढे नाव झालं एमके डॉन्स. चाहत्यांनी त्याआधीच, २००२ मध्ये, स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला आणि तळापासून सुरुवात केली. समजा परळमधल्या एखाद्या जुन्या मंडळाने जाहीर केलं की यंदापासून गणपती खोपोलीला बसेल, आणि चाळकऱ्यांनी वर्गणी काढून जिन्याखाली दुसरा बसवला. दहा वर्षांनी त्या दोन मंडळांची पहिल्यांदा समोरासमोर गाठ. सोडतीच्या भांड्याला काही लाजलज्जा नसते.

विम्बल्डनचे बरेच लोक त्या मैदानात पाय ठेवणार नाही म्हणून आलेच नव्हते. जे आले ते दोन तास एक क्षण खाली बसले नाहीत. मिडसनने बरोबरी साधली तेव्हा त्यातले काही जण सरळ मैदानातच घुसले. आणि भरपाई वेळेत एमके डॉन्सच्या ओट्सेमोबरने टाचेने, पाठमोरा, उंचावरून चेंडू आत टाकला. २-१. त्याला स्वतःलाही नीट कळलं नसावं. माझ्या शेजारचा कलीग उडत होता आणि मी पाहत होतो समोरच्या कोपऱ्याकडे. एक माणूस मफलर काढून शांतपणे घडी घालत होता. आपण चुकीच्या बाजूला बसलोय असं आयुष्यात इतकं कधी वाटलं नाही.

कप की टिकाव? ज्यांचा क्लबच गेला त्यांना विचारा.

पेठेतला गनर

१६ फेब्रुवारी. आर्सेनल ०, ब्लॅकबर्न १. घरच्या मैदानावर. दुसऱ्या विभागातल्या संघाकडून. यापेक्षा जास्त लिहिणार नाही. २००५ पासून रिकामा हात काय असतो ते आम्हाला शिकवू नका. कप द्या, कुठेही पाठवा.

अर्धवेळ

@पेठेतला गनर, पण १४ मेला विगनला ४-१ ने खाली ढकललं ते तुम्हीच ना!

पेठेतला गनर

हो. त्याचाही आनंद धड झाला नाही.

तिसरी पाळी

मी लिव्हरपूलवाला, डोंबिवली. २७ जानेवारी, रविवार रात्र, जेवणं उरकलेली. ओल्डहॅम विरुद्ध लिव्हरपूल. ओल्डहॅम तिसऱ्या पायरीवर, तिथेही तळाशी धडपडणारं. मॅट स्मिथ नावाच्या साडेसहा फुटी माणसाने सुरुवातीलाच डोक्याने गोल केला. सुआरेझने फेडला. मध्यंतराच्या तोंडावर पुन्हा स्मिथ.

बाबा हॉलमध्येच अंथरूण घालत होते. त्यांना फुटबॉलचं काही नाही. पडद्यावरचं नाव त्यांनी हळूहळू वाचलं, ओ-ल्ड-हॅ-म, आणि चादर हातात धरून उभे राहिले. म्हणाले, "हे गाव आहे होय? मला वाटायचं मालकाचं नाव असेल."

बाबा परळच्या एका गिरणीत स्पिनिंग खात्यात होते, संपापर्यंत. त्यांच्या मशीनच्या बाजूच्या लोखंडी पाटावर ओतीव अक्षरं होती, प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम. पुसायचं काम नव्या पोराकडे असायचं, म्हणून पहिली दोन वर्षं ती अक्षरं त्यांनी रोज पुसली. इंग्रजी वाचता येत नव्हतं तेव्हापासून. त्यातला 'ओ' बोटाने कसा आत जायचा ते त्यांनी मला हवेत काढून दाखवलं. मी नंतर शोधलं. प्लॅट ब्रदर्स ही एके काळी कापडगिरण्यांची यंत्रं बनवणारी जगातली सगळ्यात मोठी कंपनी होती आणि मुंबईच्या पहिल्या गिरणीपासून इथे तिचा माल येत होता. तिकडच्या गिरण्याही गेल्या, इकडच्याही.

मग ते पलंगावर बसले आणि उरलेली अर्धी मॅच ओल्डहॅमच्या बाजूने बघितली. मध्यंतरानंतर लगेच वबाराने तिसरा मारला, तेव्हा बाबांनी मांडीवर थाप मारली. जो ॲलनने आमचा दुसरा केला, शेवटी जेरार्डचा फटका आडव्या दांडीवर आदळला आणि संपलं, ३-२. मी वैतागलेलो. ते म्हणाले, "मजबूत माल होता त्यांचा," आणि दिवा घालवला.

पुढच्या फेरीत ओल्डहॅमने एव्हर्टनशी २-२ केली, बरोबरी पुन्हा स्मिथचीच, भरपाई वेळेत. सकाळी मी बाबांना फोन करून सांगितलं. रिप्लेमध्ये हरले ते मात्र सांगायचं राहून गेलं, तेही विचारायचे विसरले. आता ते नाहीत.

कानटोपी

@तिसरी पाळी, काय लिहू. तो हवेतला 'ओ' दिसला.

नारळीपौर्णिमा

गोव्याहून. थोडं अवांतर. कप कोणी नेला हे लोक विसरतात आणि मधलीच मॅच आठवत बसतात, हे आमच्या इतकं कोणाला ठाऊक? १९९७ चा फेडरेशन कप म्हटलं की अख्खा देश सांगतो, सॉल्ट लेकवर सव्वा लाखाहून जास्त माणूस, ईस्ट बंगाल ४, मोहन बागान १, भायचुंगची हॅटट्रिक. तो उपांत्य सामना होता हो! अंतिम सामन्यात त्याच ईस्ट बंगालला आमच्या साळगावकरने हरवलं. कप गोव्यात आला. विचारा कोणाला आठवतंय का.

अर्धवेळ

@नारळीपौर्णिमा, अवांतर माफ. त्यावर धागा काढाच, पहिला प्रतिसाद माझा.

टोकन नंबर ७

विगनची उपांत्य फेरी वेम्बलीवर, मिलवॉलविरुद्ध, २-०. सामना कोणाला आठवत नाही, मिलवॉलचे लोक आपापसातच हाणामारी करत होते तेच आठवतं. आपापसात! मी घरी टीव्हीवर बघत होतो तरी खुर्ची मागे सरकवली.

खारी

विगनकडून कोणीच नाही का? मग मी.

ह्यांची नोकरी तिकडच्या इस्पितळात, म्हणून आम्ही सहा वर्षं विगनला. आधी एक सांगते, ते गाव रग्बीचं. शेजारच्या आजी फुटबॉलला 'तो गोल चेंडूवाला खेळ' म्हणायच्या, आपण शेजारणीच्या नव्या सुनेबद्दल बोलतो त्या सुरात. फुटबॉल क्लब १९७८ मध्ये लीगमध्ये आलेला, म्हणजे गावाच्या हिशेबाने कालचा. तोवर एकही मोठा कप नाही. आजूबाजूची गावं विगनकरांना पाईखाऊ म्हणून चिडवतात, आणि ते काही खोटं नाही. तिथे गोल पावाला लोणी लावून त्यात अख्खी मटण-बटाट्याची पाई घालून खातात. मला पहिल्यांदा दिलं तेव्हा मी हसले. आजी म्हणाल्या, हसतेस काय. मग मी त्यांना वडापाव करून घातला. पावात बटाटा, वरून पिठाचं कवच. त्यांनी दोन खाल्ले आणि म्हणाल्या, हे तर आमचंच आहे, फक्त तिखट.

अंतिम सामना त्यांच्याच घरी पाहिला. मालक डेव्ह व्हेलन सूट घालून मैदानात आले तेव्हा आजींनी ती गोष्ट सांगितली जी गावात प्रत्येकाने प्रत्येकाला सांगितलेली असते. १९६० च्या अंतिम सामन्यात व्हेलन ब्लॅकबर्नकडून खेळत होते, पाय मोडला, तेव्हा बदली खेळाडूची सोय नव्हती, संघ ०-३ हरला. त्रेपन्न वर्षांनी पुन्हा वेम्बलीवर. आणि गोल कोणी करावा? बेन वॉटसनने, ज्याचा पाय नोव्हेंबरात मोडला होता आणि जो नुकता कुठे उभा राहिला होता. ८१ व्या मिनिटाला आत आला, ९१ व्याला मलोनीच्या कॉर्नरवर डोकं लावलं. आजी ओरडल्या नाहीत. पायातल्या सपाता काढल्या आणि एकमेकींवर आपटल्या.

मंगळवारी खाली गेलो. बुधवारी सकाळी मी दूध आणायला निघाले तर आजी अंगणात. मी काय बोलावं या विचारात. त्याच म्हणाल्या, पडलो ना, माहीत आहे, पण कप परत मागत नाहीत म्हणे. नंतर उघड्या बसमधून मिरवणूकही निघाली. घसरलेल्या संघाची मिरवणूक! पुढच्या मोसमात दुसऱ्या विभागातला हा क्लब युरोपा लीग खेळायला पार रशियात, कझानला जाऊन आला.

माझं उत्तर वेगळं सांगायला नको.

निळा छत्रीवाला

मी त्या दिवशी वेम्बलीवर होतो, सिटीच्या बाजूला. मँचेस्टरला शिकत होतो, मित्राच्या मामांकडून तिकीट. पाऊस, आणि सव्वापाचची सुरुवात, त्यामुळे अर्धे लोक घड्याळ बघत होते, उत्तरेकडची शेवटची गाडी चुकते की काय म्हणून. आमचा मॅनेजर मॅन्चिनीला काढणार अशी कुजबुज सकाळपासून. आमचे लोक संघापेक्षा मॅनेजरच्या नावानेच जास्त गात होते.

विगनच्या मॅकमॅनमन नावाच्या पोराने आमच्या झाबालेटाला दिवसभर पळवलं. शेवटी ८४ व्या मिनिटाला झाबालेटाने त्याला पाडलं, दुसरं पिवळं कार्ड, बाहेर. तरी मला वाटत होतं आपणच जिंकू. वर्षापूर्वी, १३ मे २०१२ ला, अग्वेरोने शेवटच्या क्षणाला लीग जिंकून दिलेली, त्याची नशा उतरली नव्हती. ९० मिनिटं झाली आणि मी खरोखर हात जोडले, देवा, जादा वेळ नको, गाडी चुकेल. देवाने ऐकलं. कोणत्या बाजूने ते सांगायला मी विसरलो होतो.

गाडी मिळाली. १३ मेला मॅन्चिनी गेले, बरोबर वर्षाने.

माझं उत्तर: आम्ही त्या वर्षी लीगमध्ये दुसरे आलो. कोणाला आठवतंय?

अर्धवेळ

भाच्याला अख्खा धागा वाचायला दिला. ताट पुढ्यात घेऊन वाचला, गप्प होता. शेवटी एकच शंका: "त्या पाईच्या पावाला लोणी एका बाजूला लावतात की दोन्ही?"

खारी

दोन्ही. आणि कंजुषी चालत नाही.