मदत हवी आहे: होया या वेलीच्या मुळांवर पिठ्या ढेकूण (मिलीबग), अल्कोहोल मातीत चालेल का?

पानांच्या बेचक्यातल्या पिठ्या ढेकणांवर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीने लावलं. मेणाचा पांढरा थर विरघळून किडे तपकिरी पडले. वेलीवर त्याच अल्कोहोलचा १ भाग आणि ३ भाग पाणी, आधी एका पानावर दोन दिवस बघून, संध्याकाळी फवारते. अंडी वाचतात म्हणून दर आठवड्याला पुन्हा. वरचा भाग आता स्वच्छ आहे.

पण कुंडी उपडी केली तर मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या कडेला पांढरी पूड, टोकरल्यावर त्यात जिवंत किडे! मिश्रण कोकोपीट-परलाइटचं आहे. घरात मांजर आहे, त्यामुळे इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक नकोच.

हे द्रावण मातीत ओतलं तर कोवळी मुळं जळतील का? की मुळं धुऊन, द्रावणात बुडवून नव्या मिश्रणात लावू? बुडवायचं तर किती टक्के आणि किती मिनिटं?