फोटोंच्या दालनात एवढा अंधार का?

प्रश्न: इथल्या कलादालनात सध्या खाली तैलचित्रं आणि वर कृष्णधवल छायाचित्रं लागली आहेत. खाली लख्ख उजेड, वर मिणमिणता! सावलीतले बारकावे दिसेनात, त्यात काचेवर माझंच थोबाड. हा कंजूसपणा की मुद्दाम?

उत्तर: मुद्दाम. छायाचित्रं नि जलरंग उजेडाने विटतात, गेलेला रंग परत येत नाही. म्हणून त्यांच्यावर साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) ठेवतात. तैलरंगाला २०० चालतात, शिवाय त्यावर बहुधा काच नसते. खालच्या झगझगाटातून थेट वर गेलात तर काय दिसणार? डोळे सरावू द्या. आधी फोटोच बघा, हे उत्तम.

आणखी एक उत्तर: काचेतलं प्रतिबिंब टाळायला जरा तिरकं उभं राहा, गडद कपडे घाला.

प्रश्नकर्ती: पण हे प्रिंट तर अगदी नवे आहेत!

उत्तर: मग ते रंगद्रव्याच्या शाईचे असतील तर एवढी कडक शिस्त नको. असे प्रिंट बरेच टिकतात. काहींना अंधारात फोटो ‘गंभीर’ वाटतो, मला तर नुसता अंधार वाटतो. अभिप्रायवहीत लिहाच.